टोपीतल्या अकरा चिठ्ठ्या

नव्वदच्या दशकात, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, मी कमीत कमी दीडशे माणसं मारली. सगळी एड्सनं मारली, आणि सगळी तोंडानं. पोलिसांनी कधी विचारलं नाही, कारण मेलेल्यांपैकी एकही माणूस जन्माला आलेला नव्हता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दहावीत दोनदा आपटून सातारा सोडला आणि माथाडी म्हणून गोणी उचलायला लागलो. आमच्या टोळीत बारा जण, सगळे आसपासच्या गावांतले, आणि तुर्भ्यात एकाच खोलीत राहणारे. खोलीत पंखा एक. तो इतका सावकाश फिरायचा की एका चिमणीनं पात्यावर घरटं बांधून तीन पिढ्या वाढवल्या. पिल्लांना चक्कर आली नाही. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा.

टोळीचा कारभार मुकादमाच्या टोपीत चालायचा. हे मी वाढवून सांगत नाही. गाडी खाली केली की गाळ्यावरून ज्याला त्याला कामाची चिठ्ठी मिळायची. पण ती स्वतःच्या खिशात घालायची नाही, असा आमचा कडक रिवाज होता. दिवस संपला की मुकादम टोपी काढून उलटी धरायचा आणि सगळे आपापली चिठ्ठी तिच्यात टाकायचे. कुणी चार गोण्या जास्त वाहिलेल्या असोत, कुणी तापानं फणफणून थप्पीला टेकून बसलेला असो, चिठ्ठी टोळीची आणि मजुरी सगळ्यांत सारखी. एकदा एका नवख्यानं चिठ्ठी खिशात ठेवली, तर मुकादम त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

अशा या मार्केटात एक दिवस आपा आली. एका संस्थेचं काम करायची. मार्केटातल्या आणि ट्रकवरच्या तरण्या पोरांना एड्सबद्दल सांगायचं, निरोध वाटायचे आणि रक्त तपासायला न्यायचं, हे तिचं काम. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरातली, चाळिशीची, चष्मा लावणारी बाई. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायची. पहिल्या दिवशी तिनं कांद्याच्या थप्पीजवळ खुर्ची मागून घेतली, पिशवीतून एक लाकडी नमुना काढला आणि शांतपणे गोणीवर उभा केला. शंभर दांडगे गडी एकदम छताकडे बघायला लागले. मार्केटच्या पत्र्याला किती भोकं आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"वर काय बघता? वरून काही पडणार नाही," आपा म्हणाली. "इकडे बघा. जीव इकडून जातो."

मग तिनं निरोधची पाकिटं वाटली आणि उघडून दाखवा म्हणाली. आता हमालाच्या हातात उघडायची वस्तू आली की त्याचा दुसरा हात आपोआप कमरेच्या लोखंडी आकड्याकडे जातो, गोणी ओढायच्या. पहिल्या रांगेतल्या दहाही जणांनी आकडा घातला. टर्र, टर्र, टर्र.

"अरे आकड्यानं नको!" आपा खुर्चीवरून उठलीच. "बोटांनी! कडेनं! गोणी आहे का ती? भोक पडल्यावर काय उपयोग त्याचा?"

"आपा, कांद्याला हवा लागाय पायजे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि शंभर जणांच्या हसण्यानं वाशी स्टेशनचा सिग्नल पडला.

त्या हशातच आपानं मला हेरलं. हसवणारा मी होतो. प्रत्येक टोळीतून एक पोरगा तयार करायचा, म्हणजे पोरांना पोरांकडूनच ऐकायला मिळेल, अशी त्यांची पद्धत होती. त्याला पीअर एज्युकेटर म्हणायचे. मला चार दिवसांचं शिक्षण, एक टोपी आणि निरोधचा खोका मिळाला. शिक्षणाच्या चारपैकी दोन दिवस मी चहा कुठं चांगला मिळतो ते शोधत होतो. तिथंच चुकलो.

कारण आपा सांगायची ती माहिती मला फार सपक वाटायची. असुरक्षित संबंध, सुई, रक्त, आईकडून बाळाला. शेजारी बसल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. यात गोष्ट कुठं आहे? मग मी मीठमसाला घातला. नाशिकचा एक ड्रायव्हर तयार केला. रविवारी हायवेपलीकडच्या बदनाम गल्लीत गेला. सोमवारी नखं गळली, मंगळवारी केस गेले. शनिवारपर्यंत गडी एवढा वाळला की कांद्याच्या गोणीत मावला. तोंड शिवलं आणि त्याच्याच गाडीतून त्याला गावी पाठवला. पोरं आ वासून ऐकायची. "मंग?" "मंग काय, वजनकाट्यावर ठेवला तर काटा हललाच न्हाई." रोज नवा ड्रायव्हर, रोज नवी गोणी. माझा निरोधचा खोका दोन दिवसांत रिकामा व्हायचा. आपा खूश. मी तर हवेत.

माझा एक जोडीदार होता. आमच्या धंद्यात जोडीदार म्हणजे गोणीचं दुसरं टोक. एकानं एक कान धरायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि तिसऱ्याच्या पाठीवर चढवायची. पाच वर्षं आम्ही अशी टोकं धरली होती. खोलीतही त्याची वळकटी माझ्या वळकटीशेजारी. स्वभाव गरीब, बोलणं कमी, माझ्या थापांना पहिला हसणारा तोच. त्या फाल्गुनात गावाकडे त्याची सुपारी फुटली. लग्न वैशाखात. पोरगी त्यानं एकदाच पाहिली होती, तीही चहा देऊन आत जाताना पाठमोरी, पण तेवढ्यावर तो महिनाभर कांद्याशी प्रेमानं बोलत होता.

एका दुपारी आम्ही दोघंच थप्पीवर पाय सोडून बसलो होतो. त्यानं एकदम दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले.

"बग."

"काय बगू?"

"नखं. समदी हायती." तो हसला. "तुला म्हनून सांगतो. सा म्हैने झाले, एकदा गेलो हुतो पलीकडं. आपा यायच्या आधी. तुज्या त्या ड्रायव्हरची गोष्ट ऐकली तवापास्नं रोज सकाळी उठून नखं बगतो. एक पन गळलं न्हाई. सुटलो गड्या. आता पोरीला कुकू लावाय मोकळा."

शिक्षणाच्या ज्या दोन दिवसांत मी हजर होतो, त्यातलं एक वाक्य आठवलं. आपा म्हणाली होती, माणूस कित्येक वर्षं ठणठणीत दिसतो, आणि त्याच्याकडून दुसऱ्याला होत राहतं. मी ते वाक्य गोष्टीत बसत नाही म्हणून टाकून दिलं होतं.

मी तसाच आपाकडे गेलो. वाशीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर संस्थेची खोली होती. कोण, ते न सांगता सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं चष्मा काढून पुसला.

"किती माणसं मारलीस आतापर्यंत?"

"दीडशे असतील."

"त्यातला एक तरी असा मारलास का, की जो आठ वर्षं धडधाकट होता?"

"न्हाई."

"मग तू घाबरवलंस कुणाला? ज्यांची नखं जागेवर आहेत त्या सगळ्यांना तू सोडून दिलंस." मग हळू म्हणाली, "आता त्याला खरं सांग. मीठमसाला नको. आणि त्याला ओढत आणू नकोस. त्याच्या पायांनी आला पाहिजे."

पण खरं सांगणं म्हणजे काय असतं हे मला कुठं माहीत होतं? दुसऱ्या दिवशी त्याच थप्पीवर बसून मी सांगितलं. नखांचं खोटं होतं. ड्रायव्हर खोटा होता. दिसत नाही आणि तरी असतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लग्नाआधी तपास, नाहीतर त्या पोरीलाही होऊ शकतं. पाच वाक्यं. पाण्यासारखी.

त्यानं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ही थाप जमली न्हाई तुला. लई सपक हाय."

"थाप न्हाई रे."

"मंग पयली काय हुती?"

आयुष्यभर खोट्याला इतकं सजवलं होतं की खरं उघडंवाघडं दारात आलं तर कुणी ओळखेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली माझ्या मांडीवर गेली.

"तुजं हात का हालत न्हाईत?" त्यानं विचारलं.

मी बोलायला लागलो की माझे हात ट्रॅफिकच्या हवालदारासारखे चालतात. एकदा ड्रायव्हरची गोष्ट सांगताना माझ्या हाताच्या वाऱ्यानं शेजारच्याची विडी विझली होती. पण त्या दुपारी ते मांडीवर तसेच पडून होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. नखं मुठीत गेली.

"येतो," तो म्हणाला. "पन एकटा गेलो तर मार्केटात दवंडी पिटंल. गावाकडं कळंल. तिच्या बापाच्या कानावर जाईल."

मी मुकादमाकडे गेलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मिशा आकड्यासारख्या, गावाकडं चार लेकरं. त्याला एवढंच म्हणालो की आपल्या टोळीतल्या एकाला रक्त तपासायचंय आणि एकट्याला भार झेपत नाही. त्यानं कोण ते विचारलं नाही. डोळ्यांनीसुद्धा नाही. संध्याकाळी जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाला, "उद्या दुपारनं टोळी आपाकडं जानार. रक्त द्यायला. मी पन देनार. बगू काय निघतंय, माज्यात निम्मा तर चाच निघंल."

आपानं एकेकाला आत बोलावून विचारलं, मनानं देतोस ना, नको असेल तर नको म्हण. अकरा जण हो म्हणाले. बारावा, आमच्यातला सगळ्यात आडदांड, दोन गोण्या एकदम उचलणारा, सुई बघून नको म्हणाला. आपानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "इथं बसलास तरी खूप झालं." नाव कुणाचंच लिहिलं नाही. प्रत्येकाला नावाऐवजी नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी मिळाली. ती सांभाळा, आठ दिवसांनी दाखवा, त्याशिवाय निकाल मिळणार नाही, असं तिनं तीनदा बजावलं. आम्ही तीनदा मान डोलावली.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. आपा टेबलामागे बंद पाकिटं घेऊन बसली होती. "चला, एकेकानं आत या. चिठ्ठी?"

मुकादम पुढं झाला, अदबीनं टोपी काढली आणि टेबलावर उलटी केली. अकरा चिठ्ठ्या पडल्या.

आपा चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग आमच्याकडे. "यातली कुणाची कुठली?"

"टोळीच्या हायत," मुकादम अभिमानानं म्हणाला.

कुणाला आपला आकडा आठवत असेल तर शप्पथ. आकडा कशाला लक्षात ठेवायचा? रक्त दिलं त्याच संध्याकाळी, सवयीनं, न बोलता, आम्ही सगळ्यांनी चिठ्ठ्या टोपीत टाकल्या होत्या. मीही. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यानंही. आपानं कपाळाला हात लावला, आणि मला वाटलं ती हसेल. अकराही जण वाट बघत होतो की ती हसेल, एक शिवी घालेल आणि म्हणेल, जा रे बैलांनो, सगळे ठीक आहात.

ती हसली नाही. पाकिटं तिनं ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. "ज्याचं त्यालाच सांगायचं, असा नियम आहे माझा," ती म्हणाली. "सगळ्यांनी आत्ताच परत रक्त द्या. निकाल आठ दिवसांनी. टेन्शन घेऊ नका." पण नियम सांगताना तिचा आवाज एका ठिकाणी अडकला, आणि आम्ही आयुष्यभर आवाजावरून गोणीचं वजन ओळखणारी माणसं. अकरांतल्या एकाच्या रक्तात ते निघालंय, एवढं अकरांनाही कळलं होतं. कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते आठ दिवस मी कसे सांगू? प्रत्येकाला वाटत होतं आपणच. आणि प्रत्येकाला वाटत होतं, शेजारचा असला तर? मुकादमानं पंख्याखालची जागा सोडली आणि म्हणाला, आज तू झोप, उद्या हा, परवा तो. सुईला भ्यालेल्या आडदांडानं रक्त दिलं नव्हतं, त्याची त्याला लाज वाटत असावी. रोज न सांगता आमचे सगळ्यांचे कपडे धुवायला लागला. धुता धुता तीन सदरे फाडले. जेवताना कुणी एकानं ताट वेगळं घेतलं, तर जोडीदारानं ते उचलून बाजूला ठेवलं आणि त्याला आपल्या ताटात ओढलं. "आपा काय म्हनली? ताटातनं हुत न्हाई. जेव." मी टाकून दिलेलं वाक्य त्यानं उचलून ठेवलं होतं.

चौथ्या दुपारी गाडी यायला वेळ होता. सगळे थप्पीला टेकलेले. मुकादम म्हणाला, "काय रे, तोंड शिवलं काय तुजं? काय तरी सांग की."

मी सवयीनं सुरुवात केली. "नाशिकचा एक ड्रायव्हर हुता." आणि थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यातल्या एकाच्या रक्तात खरोखर ते होतं, आणि मला त्याचं तोंड माहीत नव्हतं. म्हणजे कुणाचंही असू शकत होतं. दीडशे माणसं मी हसत हसत मारली, पण हा एकशेएक्कावन्नावा मला मारता येईना.

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग त्याचं रक्त तपासलं. त्यात निघालं. दोन दिवस रडला."

"मंग?"

"मंग तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघाला. कांदा वाट बगतो काय कुनाची?"

"मालकानं गाडी दिली त्याला?" हे फार हळू विचारलं गेलं. कोणी विचारलं ते मी वळून बघितलं नाही.

माझ्याआधी मुकादमच म्हणाला, "दिली. का नाय देनार? गाडी चालवाय येत हुती ना त्याला?"

"आनि दमला मंजे?"

"दमला तर शेजारचा क्लीनर चालवंल. टोळी कशाला असती?"

मग मी त्या ड्रायव्हरला जो काही पळवला! लासलगाव, इंदूर, दिल्ली. हिमालयात कांदा पोचवला. एका घाटात ब्रेक फेल झाले तर गाडी खांद्यावर घेऊन उतरला. गाडी आली, तरी कुणी उठेना. एड्स झालेला माणूस मी पहिल्यांदा जिवंत ठेवला होता, आणि कुणालाच त्याला सोडून जाववत नव्हतं.

दुसऱ्यांदा रक्त दिलं त्याच दिवशी, बाहेर पडताना, मुकादमानं सगळ्यांना दारात उभं केलं होतं. "आज चिठ्ठी ज्याची त्यानं आपल्या खिशात ठेवायची," तो म्हणाला. पंचवीस वर्षांत त्यानं हे कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हणताना त्याला कसंतरीच होत होतं. जोडीदारानं आपली चिठ्ठी पाकिटात ठेवली नाही, मुठीत धरली. आठ दिवसांनी निकालाला गेलो तेव्हा घामानं आकडा पुसत आला होता.

तो पहिला आत गेला. मी दाराबाहेर बाकावर. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा आमच्या पंख्याचा सख्खा भाऊ. तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही पंजे पसरून माझ्या नाकासमोर धरले. मग डोक्याचा रुमाल सोडून त्यात तोंड खुपसलं आणि माझ्या शेजारी बसून, एवढा मोठा गडी, हुंदके देऊन रडला. "काय न्हाई रे," रुमालातून म्हणाला. "काय न्हाई निघालं." मी त्याची पाठ थोपटत राहिलो. वैशाखात पोरीला कुंकू लागणार होतं, आणि त्यात आता भीती नव्हती.

पण बाकीचे दहा अजून जायचे होते. आपानं प्रत्येकाला सारखाच वेळ आत बसवलं, घड्याळ बघून, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. ज्याचं काही नव्हतं त्यालाही तेवढंच. दोन चहा प्रत्येकी. कोण किती वेळ बसला यावरून कुणी हिशेब करू नये, म्हणून. एकेक जण बाहेर आला आणि प्रत्येकाचा चेहरा सारखाच होता, रडून धुतल्यासारखा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादमानं टोपी उलटी धरली. अकराही हात आत आले, आणि आडदांडाचा बारावा.

वैशाखात सगळी टोळी लग्नाला गेली. मी वाजंत्र्यांपुढं असा नाचलो की शेजारच्या गावात भूकंपाची नोंद झाली.

तो एक जण कोण, हे मला पुढं त्यानंच सांगितलं, एका दुपारी, गोणी पाठीवर चढवून घेता घेता. मी विचारलं, मला का? सगळ्यात मोठं तोंड माझं. तो म्हणाला, "म्हनून तर. तू सांगितलंस तरी कोन खरं मानंल?"

मी कुणाला सांगितलं नाही. विचारणारे मात्र पुष्कळ भेटले, अजून भेटतात. मी प्रत्येकाला वेगळं सांगतो. कुणाला सांगितलं मुकादम, कुणाला सांगितलं आडदांड, त्यानं तर सुईच घेतली नव्हती. परवा जोडीदाराच्या घरी कोपरखैरण्याला गेलो होतो. त्याची लेक आता नोकरीला लागलीय. चहा आला, बायको आत गेली, आणि त्यानं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आवाज खाली करून विचारलं, "खरं सांग. आपल्यातला तो कोन हुता रं?"

"मीच की," मी म्हणालो, आणि मग माझे पहिले दिवस, माझं रडणं, माझं हिमालयात जाणं, सगळं रंगवून सांगितलं.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता. ते असे सुटले होते की टेबलावरचं वर्तमानपत्र उडून खाली पडलं.

"बरं," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र उचलून माझा चहा माझ्या हातांपासून जरा लांब सरकवला. परत कधी विचारलं नाही.